चालत्या जहाजावरची चढाई

माझं काम व्हिडिओ गेम बनवण्याचं, आणि त्या वर्षी माझ्या वाट्याला आलं होतं एका जहाजातून दुसऱ्या जहाजात माणसं घुसवणं.

जहाजं अवकाशातली. खेळ दोघांनी खेळायचा. प्रत्येकाचं एक जहाज, त्यात पाच खलाशी. तोफा डागून झाल्या की एकाने दुसऱ्याच्या जहाजाला जाड नळी चिकटवायची, दार कापायचं, आपले पाचजण त्या नळीतून आत सोडायचे आणि एकेक खोली घेत सुकाणूपर्यंत पोचायचं. या प्रकाराला ऑफिसात आम्ही 'चढाई' म्हणायचो. कागदावर तीन ओळींत मावणारी गोष्ट, पण तिने आठ महिने माझ्या नाकी नऊ आणले.

पहिल्या आवृत्तीत चढाई करणारा दर वेळी जिंकायचा. मग मी समोरच्याला खोल्यांमधली हवा काढून टाकायची सोय दिली, तर चढाई करणारे पहिल्याच खोलीत गुदमरून मरायला लागले. त्यांना पाठीवर हवेच्या टाक्या दिल्या, तर ते टाक्यांसकट दारात अडकले, पाचच्या पाच एका चौकटीत. दारं रुंद केली, तर भिंतीच उरल्या नाहीत. अकराव्या आवृत्तीत अखेर सगळं नीट चालायला लागलं. इतकं नीट, की बघणाऱ्याला जांभई यावी.

"चढाईत मजा नाहीये," सोमवारच्या मीटिंगमध्ये मालक म्हणाला.

मालक म्हणजे आमच्या चौदा जणांच्या कंपनीचा प्रमुख. माझ्याहून चार वर्षांनी लहान, स्वभावाने गरीब, पण वाक्य पूर्ण करायचा त्याला भारी कंटाळा. 'मालक' हे नाव आम्ही थट्टेने पाडलं होतं. त्याला ते आवडलं, त्यामुळे थट्टाही वाया गेली.

"मजा नाही म्हणजे नक्की काय नाही?" मी विचारलं.

"म्हणजे बघ," त्याने हवेत हातांनी एक नळी काढली, "आपण घुसतो, धडधड, धूर, आणि मग एकदम…" त्याने मूठ उघडून दाखवली.

"एकदम काय?"

"तेच. ते यायला पाहिजे."

मी वहीत 'ते' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

"तीन आठवड्यांनी खुली चाचणी आहे," तो म्हणाला. "तोवर जमलं तर जमलं. नाहीतर चढाई काढून टाकू, नुसत्या तोफा ठेवू."

खरं सांगायचं तर गेले दोन महिने मीच मनात म्हणत होते, की ही ब्याद एकदाची जाऊ दे. पण तेच त्याच्या तोंडून ऐकल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काढायची नाही," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

घरी वेगळा ताप होता. धाकट्या बहिणीला बाळ झालं म्हणून आई तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेली होती, आणि बाबा एकटे राहिले तर दोन्ही वेळा उकडलेली अंडी खातील म्हणून त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. बाबा निवृत्त पायलट. "विमानाचा नव्हे, बंदराचा," हे वाक्य त्यांनी जन्मभर प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं आहे. मोठं जहाज बंदराजवळ आलं की छोट्या बोटीतून त्याच्यापाशी जायचं, त्याच्या कुशीवर सोडलेल्या दोराच्या शिडीने वर चढायचं, आणि कप्तानाशेजारी उभं राहून ते जहाज सुखरूप धक्क्याला लावायचं. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. निवृत्त झाल्यावर धक्क्याला लावायला जहाज उरलं नाही, म्हणून ते मला लावायला लागले.

मी भांडी रचते ती चूक, नळ बंद करते तो अर्धवट. बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीची गाठ त्यांनी पहिल्याच आठवड्यात तीनदा सोडून बांधली, आणि प्रत्येक वेळी मला बोलावून दाखवली. मंगळवारी आणि गुरुवारी मी घरून काम करायचे. तेव्हा ते चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. एकतीस वर्षं कुणाच्या तरी मागे उभं राहून सूचना दिलेला माणूस.

"ही दोन्ही जहाजं उभी का?" त्यांनी विचारलं.

"नळी जोडली की उभी राहतात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. खेळाचा नियम आहे."

"इंजिन का बंद केलंस?"

"बाबा, हा खेळ आहे."

"खेळ असेल. पण कुणी परका जहाजावर चढतोय म्हणून इंजिन बंद करणारा कप्तान मी पाहिला नाही."

मी हेडफोन लावले. पुढच्या गुरुवारी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. बाबा दिवसाला वीस चुका काढायचे. त्यातली एक खरी असेल, हे माझ्या डोक्यात येणार कसं?

खुल्या चाचणीला दहा दिवस उरले असताना आमच्या टेस्टरने मला कोपऱ्यात घेतलं. तिला सगळे ढेकूणताई म्हणत, कारण खेळातले बारीकसारीक ढेकूण, म्हणजे 'बग', म्हणजे चुका, ती कुठूनही शोधून काढायची. पन्नाशीची बाई. आमच्याकडे येण्याआधी पंधरा वर्षं परीक्षांना पर्यवेक्षक होती, त्यामुळे कुणाच्या मागे चाहूल न देता उभं राहणं तिच्या अंगात मुरलेलं. तिने बाहेरच्या वीस लोकांना बोलावून खेळ खेळायला लावला होता आणि स्वतः वही घेऊन मागे फिरत होती.

"तुम्ही नेहमी जिंकण्या-हरण्याचे आकडे बघता," ती म्हणाली. "हे वाचा."

वहीत लिहिलं होतं: 'तीन नंबर. त्याच्या जहाजावर चढाई झाली. त्याने मोबाइल काढला. सात नंबर. चढाई झाली. हिने केस सोडून पुन्हा बांधले. नऊ नंबर. चढाई झाली. पाणी प्यायला गेला. परत आला नाही. बारा नंबर. चढाई झाली. मला म्हणाला, आता मी काय करू? मी म्हटलं, मला सांगायची परवानगी नाही. तो म्हणाला, मग मी निघतो.'

असं दोन पानं.

"दहांपैकी सात जणांनी चढाई संपायच्या आत खेळ सोडला," ढेकूणताई म्हणाली. "चढणाऱ्याचं तुम्ही सगळं बघितलंत हो. ज्याच्यावर चढतात त्याच्या हातात काय आहे?"

त्याच्या हातात एक बटण होतं, हवा काढायचं. ते एकदा दाबलं की पुढची चार मिनिटं त्याने आपलं जहाज दुसऱ्याच्या ताब्यात जाताना बघत बसायचं. आठ महिन्यांत मी हजार वेळा चढाई केली असेल. पण माझ्यावर चढाई झालेली मी एकदाही खेळून बघितली नव्हती.

त्या दिवशी दुपारीच मी घरी आले, खेळ सुरू केला आणि पलीकडे संगणकाला बसवून त्याला माझ्यावर चढाई करायला लावली. नळी जोडली गेली. माझं जहाज थांबलं. मी बटण दाबलं. मग माझी बोटं कंट्रोलरवर नुसतीच पडून राहिली. दुसऱ्या मिनिटाला माझं लक्ष टेबलावरच्या बिलांकडे गेलं. तिसऱ्या मिनिटाला मी खरोखरच केस बांधायला हात वर केले, आणि एक कपाळावर मारून घेतला.

"बाबा," मी हाक मारली, "तुम्ही वर चढत असताना कप्तान काय करतो?"

ते बाल्कनीतून आले. इतके दिवस न विचारता सांगणारा माणूस, विचारल्यावर मात्र लगेच बोलेना. चष्मा पुसला, खुर्ची ओढून घेतली, आणि पहिल्यांदाच माझ्याशेजारी बसले.

"जहाज चालूच असतं," ते म्हणाले. "थांबवलं तर ते वाऱ्या-लाटांच्या ताब्यात जातं, वाटेल तसं डोलतं. म्हणून सावकाश चालू ठेवायचं आणि जरा वळवायचं, म्हणजे शिडीच्या बाजूला वाऱ्यापासून आडोसा होतो. त्या आडोशात आमची बोट येते. बोट लाटेवर वर आली की त्या क्षणी शिडी धरायची. खाली जाताना धरलीस, तर पुढच्या लाटेला बोट वर येऊन पाय चिरडते. एकदा शिडीवर गेलो की आमचा जीव कप्तानाच्या हातात. त्याने एवढंसं सुकाणू फिरवलं," त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं, "की आडोसा गेला."

"मग?"

"मग शिडी जहाजापासून सुटून बाहेर झुलते आणि परत येऊन आदळते. आपल्यासकट." त्यांनी उजवा खांदा किंचित हलवला. तो खांदा वर होत नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. "एका कप्तानाला घाई होती. मी अर्ध्या शिडीवर असताना त्याने बंदराकडे तोंड वळवलं. दोनदा आदळलो. तिसऱ्यांदा वरून दोघांनी ओढून घेतलं."

"हा खांदा? तुम्ही आम्हाला सांगितलंत, जिन्यावरून पडलो!"

"शिडी म्हणजे जिनाच की."

"बाबा!"

"तुझ्या आईने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायला लावली असती. मग काय विमान चालवलं असतं?"

मला रडू येत होतं की राग, ते कळेना. राग बरा पडतो, म्हणून मी तो घेतला आणि तडक ऑफिसला गेले.

जहाजांची हालचाल लिहिणारा आमचा प्रोग्रामर म्हणजे नाहीभाऊ. कुठलीही गोष्ट सांगायला जा, त्याचं पहिलं उत्तर "नाही होणार." मी म्हटलं, चढाई चालू असताना दोन्ही जहाजं चालती ठेवायची आणि ज्याच्यावर चढाई होतेय त्याच्या हातात सुकाणू द्यायचं.

"नाही होणार."

"का?"

"चालत्या जहाजात चालती माणसं. जहाज वळलं की माणसं फरशीतून खाली पडतील."

"मग पडू देऊ नकोस!"

"आणि हे तू मला दहा दिवस उरले असताना सांगतेस?" त्याचा आवाज चढला. "पहिल्याच आठवड्यात मी काय म्हटलं होतं?"

"तू म्हणालास, नाही होणार. तू नेहमी तेच म्हणतोस."

त्याने संगणकावर आठ महिन्यांपूर्वीचा माझा मेसेज काढला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. त्याने विचारलं होतं: 'चढाईत जहाजं चालू ठेवायची का? वेळ लागेल, पण करून बघू शकतो.' खाली माझं उत्तर: 'नको. दोन्ही स्थिर ठेव. उगाच गोंधळ नको.'

आयुष्यात एकदा तो हो म्हणाला होता, आणि नको म्हणणारी मी निघाले. ते लागलं. मी खाली जाऊन दोन कॉफी आणल्या आणि एक त्याच्यापुढे ठेवली.

"यात साखर आहे," तो म्हणाला.

"आहे."

"मी घेत नाही."

पण प्यायला. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन, कुणीतरी त्याच्यावर अन्याय केल्यासारख्या चेहऱ्याने म्हणाला, "झालंय. आतल्या माणसांना हलवतच नाही मी. त्यांच्यापुरतं जहाज स्थिर. बाहेरचे तारे फिरवतो आणि फरशी जरा कलती करतो. खरा हिसका फक्त नळीतल्या माणसांना."

"मस्त आहे हे!"

"मस्त नाही. जुगाड आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

ढेकूणताईला आता असा माणूस हवा होता, ज्याने कधीच खेळ खेळलेला नाही. मी बाबांना ऑफिसात नेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मालकाला राहवेना. "मीच खेळतो त्यांच्याशी," तो म्हणाला. आम्ही सगळे मागे उभे राहिलो.

मालकाने दोन मिनिटांत नळी चिकटवली. बाबा अजून कुठलं बटण कशाचं ते बघत होते. कंट्रोलर त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि एकाच बोटाने चालवत होते.

"काका, आलो हं मी," मालक म्हणाला. त्याचे पाच खलाशी नळीत शिरले. एक, दोन, तीन. बाबा थांबले. चार, पाच. बाबांनी सुकाणू फिरवलं. एवढंसंच.

नळी झुलली, ताणली गेली आणि मधोमध फाटली. मालकाचे पाचही खलाशी गरगरत अंधारात गेले आणि ठिपके झाले.

एकदम आरडाओरडा. नाहीभाऊ टाळ्या वाजवत होता. त्याला टाळ्या वाजवताना मी पहिल्यांदाच बघत होते. मालक खुर्चीतून उठून ओरडत होता, "तेच! हेच ते! मी म्हटलं होतं ना!"

बाबांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि खिडकीपाशी गेले. मी मागोमाग गेले.

"काय झालं?"

"पाच जण होते ना?"

"खोटे होते, बाबा."

"माहीत आहे मला, खोटे होते." ते बाहेर पार्किंगमधल्या गाड्या बघत होते. "मी पाचवा आत येईपर्यंत थांबलो."

मी त्यांच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवायला गेले, आणि मागे घेतला.

मग तेच म्हणाले, "वळायच्या आधी भोंगा द्यायचा असतो. म्हणजे शिडीवरचा माणूस धरून राहतो. त्या कप्तानाने दिला असता तर मी धरून राहिलो असतो. ते घाल."

"वळणारा आधी सांगेल कशाला? शत्रू आहे तो."

"नको सांगू दे. पण सांगायची सोय हवी. सोयच नसेल तर चांगल्या माणसाने काय करायचं?"

मालकाने ऐकून डोक्याला हात लावला. "कोण वाजवणार तो भोंगा?" नाहीभाऊ म्हणाला, "नाही होणार," आणि तासाभरात त्याने ते करून दिलं. बटण दाबलं की दोन्ही जहाजांत भोंगा घुमायचा. नळीतले खलाशी भिंतीवरचे दांडे धरू शकायचे. धरले तर हिसक्याने पडायचे नाहीत, पण धरलेले असताना पुढेही सरकायचे नाहीत.

खुली चाचणी शनिवारी सुरू झाली. दोन दिवसांत चार हजार लोक खेळले. ज्यांच्यावर चढाई झाली, त्यातले दहांपैकी नऊ जण शेवटपर्यंत खेळात राहिले. मी तो आकडा तीनदा मोजून घेतला. पहिल्या दिवशी भोंगा फारसा कुणी वाजवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जो तो वाजवायला लागला. मला भरून आलं. माणसं चांगली असतात, असं मी आईला फोनवर सांगूनही टाकलं. तेवढ्यात ढेकूणताईची वही आली.

'भोंगा देतात आणि वळत नाहीत. समोरचे घाबरून दांडे धरून बसतात. तेवढ्यात हे आतून दारं बंद करून घेतात.'

मालक हर्षाने वेडा झाला. "लोकांनी स्वतः शोधून काढलं! याच्यासारखी मजा नाही!" सोमवारच्या मीटिंगमध्ये तो पुढे म्हणाला, "पण आता चढाई करणारे वैतागून खेळ सोडतायत. तेवढं तू बघ." म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवणावरून उठले. "भोंग्याची थट्टा करतात? बंदरात असं केलं असतं तर परवाना गेला असता. बंद कर ते."

"बंद नाही करता येत. लोकांना आवडतंय."

"मग शिक्षा ठेव."

"बाबा, खेळ आहे हो!"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भांड्यांवरूनही बोलले नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले, तर ते माझ्या खुर्चीत बसून अनोळखी कुणाशी तरी खेळत होते. या वेळी चढाई त्यांची होती. त्यांचे पाचही खलाशी नळीत होते, समोरचं दार अर्धंअधिक कापून झालेलं. भोंगा वाजला. त्यांनी लगेच सगळ्यांना दांडे धरायला लावले.

काही झालं नाही. जहाज सरळच चाललं होतं. ते निघाले, दोन पावलं गेले, आणि भोंगा परत वाजला. परत दांडे.

"बाबा, तो खोटं वाजवतोय," मी पर्ससुद्धा न ठेवता म्हटलं. "जा पुढे. दार कापत आलंय."

"असेल खोटं."

"अहो, पुन्हा पुन्हा वाजवतोय तो! तो हसत असेल तिकडे!"

"हसू दे," ते म्हणाले. स्क्रीनवरची त्यांची नजर हलली नाही. "माझी पाच माणसं नळीत आहेत."

चढाईचा वेळ संपत आला होता. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. भोंगा वाजतच राहिला, बाबांनी एकालाही दांडा सोडू दिला नाही, आणि ते हरले.

"भांडी मी लावली आहेत," ते म्हणाले, आणि पुढचा खेळ सुरू केला.